हिरवळीवर भाजलेला राब

भिवपुरीच्या आमच्या क्वार्टरपुढची हिरवळ ओळींनी वाढायची. बाकीच्यांच्या अंगणात ती सतरंजीसारखी सपाट पसरलेली असे. आमच्या हरळीत मात्र सरळ रेघा दिसत, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या जास्तच उठून दिसत. नवीन बिऱ्हाड आलं की बायका विचारायच्या, ही कुठली तऱ्हा? मी सांगायची, माझ्या सासूबाईंनी लावली आहे, भात लावतात तशी. त्या हसायच्या, मीही हसायची. पण कोणी कितीही सांगितलं असतं तरी मी ती हिरवळ बदलू दिली नसती.

लग्न होऊन मी देशावरून इथं आले तेव्हा दुसरी जागतिक लढाई चालू होती. नवरा वीजघरात नोकरीला. डोंगरावरून पाण्याचे जाडजूड नळ उतरत, पायथ्याशी यंत्रं फिरत आणि त्यांची घरघर अष्टौप्रहर हवेत असे. थोड्या दिवसांनी ती ऐकू येईनाशी झाली, आणि मग आपण सदाच अर्धवट झोपेत आहोत असं मला वाटू लागलं. दुपारी तर सगळी वसाहत पेंगायची. टक्क जागा असे तो एकटा माळी.

कर्जतच्या वाटेवर, नदीपलीकडे त्याची भाताची खाचरं होती. शेतातून हात मोकळे झाले की तो, त्याची बायको आणि दोन गडी आमच्या वसाहतीतल्या बागा बघायला येत. कार्तिकात गुलाबाची मुळं उघडी करून त्यांना ऊन दाखवायचा आणि मग छाटणी. माघात दोरी धरून मेंदीचं कुंपण कापायचा, तेव्हा रस्ताभर हिरवा कडसर वास दरवळे. वैशाखात हिरवळीला शेणखत आणि चाळलेली माती. श्रावणात गवत कापायचं यंत्र यायचं, ते एक गडी ओढे आणि दुसरा ढकले. मला तिथं पंचांग बघावं लागलं नाही, वासावरून महिना कळायचा.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या फाल्गुनात. त्यांचं सारं आयुष्य खालापूरकडच्या गावी चिखलात आणि भातात गेलेलं. सासरे वारले, शेत थोरल्या दिरांनी हातात घेतलं आणि आईचा गुडघा दुखतो म्हणून ते म्हणाले, ‘आता तुजं काम संपलं आये, आराम कर.’ दीर मायेनंच म्हणाले असतील, पण तो शब्द त्यांच्या काळजात रुतला. गाठोडं उचलून त्या धाकट्याकडे आल्या. आल्या त्या नुसत्या खिडकीत बसायच्या. जेवायला बोलावलं की मूठभर भात घेत आणि त्यावर हात आडवा धरत. मी आग्रह केला तर म्हणत, “राबल्याबिगर भात मागायला तोंड लागतं गं.” मला स्वतःची आई आठवतही नव्हती. सासूबाई घरात आल्या तेव्हा मला कोण आनंद झाला होता! आणि आता हे माणूस माझ्या डोळ्यांदेखत आटत चाललं होतं. मी रोज ताट उचलताना घाबरायची.

हिरवळीवर मात्र त्यांचा राग होता. रेशनच्या तांदळातले खडे वेचता वेचता म्हणायच्या, “मानसांना खायला भात नाय, नि ही गवताला पानी पाजतात. गाय तरी सोडा त्याच्यावर!”

वैशाखात माळी आला आणि आमच्या अंगणात शेणखताचे ढीग टाकून गेला. जाताना मला म्हणाला, “वैनी, चार दिसांनी येऊन माती चढवतो. तंवर ऱ्हाऊ द्या तसंच.” त्या दुपारी मी आडवी झाले. घरघर, उकाडा आणि खिडकीतून येणारा आंब्याच्या मोहरानंतरचा तो आंबटगोड वास. स्वप्नात मी कुठल्यातरी गावाला गेले होते आणि तिथं सगळ्या शेतांतून निळा धूर उठत होता. जाग आली तरी धूर होताच.

बाहेर धावले. ढीग सगळे पसरलेले, त्यावर मेंदीच्या छाटलेल्या काटक्या, वाळका पाला, वर मातीचा पातळ थर, आणि सगळं अंगण सावकाश धुमसतंय. पदर खोचून सासूबाई काठी घेऊन कडेकडेनं फिरत होत्या.

“आई, अहो हे काय केलंत?”

“राब भाजला गं,” त्या म्हणाल्या. अगदी सहज. भाताचं रोप ज्या वाफ्यात टाकायचं तो उन्हाळ्यात असा शेणापाल्यानं भाजतात, हे मला ठाऊक होतं. पण हिरवळ? त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग शेजारच्या अंगणाकडे, आणि त्यांची काठी थांबली. “अगं बाई,” त्या पुटपुटल्या, “शेन दिसलं नि हात गेला. ह्या महिन्यात दरवर्साला जातो तसा गेला.” त्या मटकन पायरीवर बसल्या. “थोरला म्हनतो त्येच खरं. मी आता काय कामाची ऱ्हायले नाय.”

माळी आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. हिरवळ गेली म्हणजे त्याची पतच गेली. “आये, ह्ये काय करून ठेवलंस? मोटा सायेब मला फाटकातनं आत घ्यायचा नाय!” पाऊस बसल्याशिवाय हरळी लावता येत नाही, तोवर अंगण काळंच राहणार होतं. बराच वेळ तो चडफडत होता. मग उकिडवा बसला, राख चिमटीत घेऊन चोळली आणि इतका वेळचा राग गिळत म्हणाला, “भाजलाय मात्र झकास. वारा बघून लावलास व्हय?”

“मग? आंदळी हाय का मी?” सासूबाई खेकसल्या. किती महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला मी! जळलेल्या अंगणापुढे उभी राहून मी मनातल्या मनात हसत होते.

भाजलेला राब मोकळा ठेवू नये, असं त्यांच्याकडे मानतात. मृगात त्यांनी गाठोडं सोडलं. त्यात लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं घरचं बियाणं निघालं. कुणाला न विचारता त्यांनी ते अंगणात फेकलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

मग जे उगवलं ते पाहून मला रोज वाटायचं की मी अजून त्या दुपारच्या झोपेतच आहे. कोवळं, पोपटी, इतकं दाट की वाऱ्याची झुळूक त्यावरून हात फिरवल्यासारखी जायची. डोंगरावरचं धुकं उतरून अंगणात यायचं आणि सगळं जग नाहीसं होऊन फक्त तो हिरवा चौकोन उरायचा. शेजारच्या काकू, या गवताचं बी कुठल्या मुलखाचं म्हणून विचारून गेल्या. मोठे साहेब फेरीला आले, छत्री तिरपी करून त्यांनी बघितलं आणि मान डोलावून पुढे गेले. कुंपणाआड उभ्या माळ्यानं डोळे मिटून घेतले होते.

पण रोप काही अंगणात राहण्यासाठी नसतं. आषाढ लागला, गावोगाव लावणी सुरू झाली. सासूबाई पायरीवर बसून रोपाकडे बघत राहायच्या. मधल्या दिवसांत जरा वाढलेलं त्यांचं जेवण पुन्हा तुटलं. “थोराड व्हायला लागलं,” एवढंच बोलायच्या. लावायला खाचर कुठलं आणायचं? थोरल्याकडे मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

माळी विळा घेऊन हरळीसाठी जागा साफ करायला आला. सासूबाईंनी मान फिरवली. “काप बाबा. टाक कापून.”

तो विळा हातात घेऊन तसाच उभा. मग म्हणाला, “आये, माजं रोप पान्यात कुजलं गं. दोन खाचरं उघडी पडलीत. तुजं दे की मला. पन मानूसबळ नाय, लावायला तुलाच यावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोपं उपटली, जुड्या बांधल्या आणि नदीपलीकडे गेलो. माळ्याच्या बायकोनं सासूबाईंच्या डोक्यावर पावसासाठी पानांचं इरलं घातलं आणि हात पुढे केला. दुखरा गुडघा सावरत त्या चिखलात उतरल्या. क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या, घोट्यापर्यंत चिखल लपेटून घेत. मग वाकल्या, आणि ते हात चालायला लागले. खाचरातल्या पाण्यात ढग होते. त्या ढगांत ओळीमागून ओळ उभी राहत होती. मी बांधावरून जुड्या फेकत होते आणि रडत होते. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही.

शेवटच्या जुड्या संपल्या तशी मी बांधावरून पलीकडे गेले. तिथं सागाच्या झाडांमागे माळ्याचा राब होता. रोप हातभर उंच, हिरवंगार, एक काडीही कुजलेली नाही. अजून हातही न लावलेलं. मी वळून पाहिलं तर माळी माझ्याचकडे बघत होता. त्यानं घाईनं इरलं पुढे ओढलं आणि पाठ फिरवली.

घरी आलो. सासूबाईंनी हातपाय धुतले, पाट ओढला आणि बसल्या. मी नेहमीसारखा मूठभर भात वाढला. तो त्यांनी आमटी वाढायच्या आत संपवला.

“त्याचं रोप उभं व्हतं,” त्या खाली बघत म्हणाल्या.

“तुम्हीही बघितलंत?”

“जाताच बघितलं. इतका भाताचा वास मला नाय येनार व्हय?” त्यांनी बोटं चाटली. “लबाड हाय मेला. उंद्या त्याची हरळी मीच लावून देते.” मग त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. “वाढ गं आनिक. भूक लागली.”