संपूर्ण विरळणी

माझी भावजय शाळेत भूगोल शिकवते. नकाशांच्या गुंडाळ्या काखेत मारून ती व्हरांड्यातून अशी चालते की समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं, म्हणून मुलांनी तिचं नाव नकाशाबाई ठेवलं आहे. मी त्याच शाळेचं ग्रंथालय सांभाळते. ग्रंथालय कसलं, भूगोलाच्या वर्गाचाच एक तुकडा, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. पलीकडे कुणी शिंकलं की इकडे मी रुमाल शोधते. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

माझी भाची नववीत, म्हणजे आईच्याच वर्गात. पहिल्या आठवड्यात तिनं चुकून "आई, हे कळलं नाही" म्हटलं आणि वर्ग खो खो हसला. त्या दिवशी भावजयीनं नियम घालून दिला: फाटकाच्या आत मी कुणाची आई नाही, बाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं. पोरीनं तो इतका पाळला की शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पाऊल पडताच "आईऽऽ!" अशी आरोळी ठोकायची. दिवसभर श्वास कोंडून धरल्यासारखी. पहारेकरीसुद्धा हसायचा.

या वर्षी क्षेत्रभेटीला विषय आला, जंगलतोड: कारणे व परिणाम. भावजय खूश झाली. तिला विषय शोधायला कुठे जायचं नव्हतं, वर्गाच्या खिडकीतूनच दिसत होता. समोरचा डोंगर पूर्वी हिरवागार होता, आता पार भादरून ठेवल्यासारखा दिसतो. तिनं गट पाडले. एकानं माती बघायची, एकानं ओढा, एकानं उरलेले बुंधे मोजायचे, चौथ्यानं माणसांना प्रश्न विचारायचे. आणि मुलांना पुन्हा पुन्हा बजावलं, "डोळ्यांना दिसेल तोच शब्द लिहायचा. दुसऱ्यानं दिलेला शब्द उचलायचा नाही." भाचीनं ते घरी आरशासमोरसुद्धा म्हणून दाखवलं, अगदी आईचा आवाज काढून.

आता गोम सांगते. तो डोंगर भादरला लाकडाच्या वखारीनं. वखारीचे मालक आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. आणि माझा भाऊ त्याच वखारीत कामाला. कुठलं झाड पाडायचं ते ठरलं की पुढे जाऊन त्याच्यावर लाल रंगाची फुली मारायची, हे त्याचं काम. तो घरी येतो तेव्हा नखांत लाल रंग असतो, कितीही घासा. आम्ही राहतो त्या तीन खोल्याही वखारीच्याच. नोकरी गेली की छप्परही गेलं.

मुख्याध्यापकांनी भावजयीला बोलावलं. मला वाटलं, क्षेत्रभेट रद्द. पण मोठी माणसं इतकी साधी नसतात. अध्यक्षांना फार आनंद झालाय, ते म्हणाले. बस तेच देणार, मुलांना खाऊही देणार आणि माहिती द्यायला आपला माणूस देणार.

"कोण माणूस?" भावजयीनं विचारलं.

"तुमचेच मिस्टर. घरच्याघरी तयारी होईल. फक्त एक करा. तो जंगलतोड शब्द काढा. वखारीत त्याला विरळणी म्हणतात. दाट झाडांतली काही काढली की उरलेल्यांना उजेड मिळतो. शास्त्रीय शब्द आहे, बाई. शेवटी शब्दच तर आहे."

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत होती, म्हणजे सालाबरोबर अर्धा बटाटाही काढत होती. भाची शिकवणीला गेली होती. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"मी आजारी पडते," ती म्हणाली.

"मग दुसरे सर नेतील. ते अध्यक्षांचा पुतळासुद्धा उभारायला लावतील मुलांना," मी म्हणाले.

"रोपवाटिकेला नेते."

"बस सांगून झालीय. का बदललंत म्हणून विचारतील," भाऊ म्हणाला. "आणि विचारतील मला."

"तुम्हीच सांगा ना त्यांना, मला बोलायला जमणार नाही म्हणून."

"मालकांना? मी?" तो नखं बघत म्हणाला. "अगं, तूच काहीतरी तोड काढ."

ती एकदम हसली. "तोड तर तुम्ही काढलीत, डोंगरभर!"

तो पुन्हा नखं बघू लागला. मला मात्र राहवलं नाही. माझा भाऊ बोलका नाही, हुशारही नाही, पण त्यानं आमच्या आईच्या दुखण्यात आणि माझ्या एकटेपणात हे घर धरून ठेवलंय. मी म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होऊ नकोस म्हणजे झालं."

"दांडा कोण, ताई?" तिनं सुरी खाली ठेवली. "मी की हे? मला कळेनासं झालंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय, आणि दाबणारी सगळी घरचीच."

मला तिचा राग आला, आणि कीवही आली. तिच्याकडे दुसरं दार असतं तर मीच उघडून दिलं असतं. नव्हतं.

भेटीच्या आदल्या दिवशी वर्गात रंगीत तालीम झाली. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, हात खिशात लपवून फळ्यापाशी उभा राहिला. मी भिंतीच्या फटीला डोळा लावला. मुलांनी ठरलेले प्रश्न विचारले, त्यानं पाठ केलेली उत्तरं दिली. विरळणी का करतात? उजेडासाठी. विरळणीनं काय होतं? झाडं जोमानं वाढतात. सगळं सुरळीत चाललं होतं. भावजय खिडकीकडे पाठ करून उभी होती.

मग भाचीनं हात वर केला. ठरलेल्या प्रश्नांत तिचा प्रश्न नव्हता.

"पाहुण्यांना एक विचारायचंय. काही झाडं काढली आणि काही ठेवली तर विरळणी. समोरच्या डोंगरावर तर एकही ठेवलेलं नाही. मग त्याला काय म्हणायचं?"

भावानं भावजयीकडे पाहिलं. लहानपणी शाळेत धडा आला नाही की तो माझ्याकडे असाच बघायचा. मागच्या बाकावर मुख्याध्यापक बसले होते, त्यांनी घसा खाकरला.

भावजय फळ्याकडे वळली. खडू एकदा मोडला, तिनं दुसरा घेतला आणि स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: संपूर्ण विरळणी.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

"पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात, डोळ्यांना दिसेल तोच..."

"खाली बस."

वह्यांवर पेनं चालू लागली. भाची उभीच होती. मग बसली आणि तिनंही लिहून घेतलं. मुख्याध्यापक मान डोलावत म्हणाले, "वा, छान शब्द आहे." इतका निर्लज्ज शब्द मी आयुष्यात वाचला नव्हता, आणि माझ्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत.

शाळा सुटली. आम्ही तिघी फाटकाबाहेर पडलो. पहारेकरी सवयीनं हसण्याच्या तयारीत होता. आरोळी आलीच नाही. भाची मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेली. भावजय फाटकाबाहेर जरा थांबली, चपलेत खडा गेल्यासारखं करून. खडाबिडा काही नव्हता.

रात्री जेवायला चौघं बसलो. भाऊ खाली मान घालून जेवत होता. नोकरी वाचली होती, खोल्या वाचल्या होत्या, सकाळी बस येणार होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून भाजी छान झालीय म्हणाले. ती अळणी होती.

भाचीनं एक घास खाल्ला आणि आईकडे न बघता हात पुढे केला.

"बाई, मीठ द्या," ती म्हणाली.

भावाचा घास हातातच राहिला. भावजयीचे ओठ हलले. घरात आई म्हणायचं, एवढंच तिला सांगायचं असणार. पण तिनं मिठाची बरणी उचलली आणि पोरीपुढे ठेवली.