दादाने लिंपलेला खांब

माझ्या दादाला आमची अख्खी इमारत ठोकदादा म्हणायची. घरोघरी स्पीकर बसवणं हा त्याचा धंदा. भिंतीला खिळा लावायच्या आधी तो बोटाच्या पेराने ती ठोकायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "इथे आवाज फुटेल, सोफा सरकवा." लोक मुकाट्याने सोफा सरकवायचे. स्वतः मात्र पक्का घुम्या. आई म्हणायची, याच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागते.

त्याआधी तो बांधकामावर इंजिनिअर होता. मी राहते ती चार मजली इमारत त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली, आणि ती पुरी होताच त्याने नोकरी सोडली. "सिमेंटची धूळ सोसत नाही," म्हणाला. पुढे मी इथेच घर घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं. मला वाटलं, बहिणीचं भलं बघवत नाही. तसं मी त्याला तोंडावर बोललेही.

त्या दिवशी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांकडे तो होम थिएटर बसवायला आला. तीनदा टाळलेलं काम. दुपारी दोनला माझ्या दारात उभा राहिला, केसांत धूळ घेऊन.

"मुलांना घे आणि माझ्या घरी चल. आत्ता."

"झालं काय?"

"चल म्हणतो ना!"

त्याचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला आणि पायांत चपला सरकवल्या. रस्त्यापलीकडे त्याच्या गाडीत मुलं बसली, तेव्हा मी दाराला हात लावून उभी राहिले. सांगितल्याशिवाय बसणार नाही म्हटलं.

"स्पीकरसाठी खांबात ड्रिल लावलं," तो म्हणाला. "काँक्रीटमध्ये ड्रिल किंचाळतं. हे लोण्यात गेल्यासारखं गेलं. मग प्लास्टरचा मोठा पापुद्रा खाली आला. आतल्या सळया गंजून बाहेर वाकल्यात."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"ते आत झोपलेत. मी खांबापुढे स्पीकरचं रिकामं खोकं उभं करून आलो."

"खोकं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

 तो रस्त्याकडे बघत बोलला. खांब ओतताना काँक्रीट दाबून बसवायचं मशीन बंद पडलं होतं. साच्याच्या फळ्या काढल्या तर खांबाला भोकंच भोकं, सळया उघड्या. फोडून पुन्हा ओतायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी वरचा स्लॅब ओतायचा होता, साहेब घाई करत होते. याने संध्याकाळच्या आत तो लिंपून घेतला आणि कागदावर सही केली. बारा वर्षं झाली.

 त्या खांबावर मी बारशी केली, वाढदिवस केले, आणि याने येऊन केक खाल्ला.

"वर किती माणसं आहेत, माहीत आहे?" मी विचारलं. "चौथ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरायला दहा मिनिटं लागतात."

"सांगितलं तर विचारतील, तुला कसं माहीत. सही माझी आहे गं. मला आत टाकतील."

म्हणजे त्याला फक्त आपली माणसं बाहेर काढायची होती. इतका राग मला नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

"मोठीच्या हातात धाकट्याचा हात दे," मी म्हटलं, "आणि ऐक. मी वर जाऊन बसते. तू दारोदार सांगत माझ्यापर्यंत ये. एकही दार चुकवायचं नाही. तोवर मी हलणार नाही."

"वेडी आहेस का? अगं, मुलं..."

मी रस्ता ओलांडला. मागे वळून बघितलं असतं तर पाय अडले असते. तिसरा मजला चढले, दार लोटून कडी लावली आणि पलंगाच्या कडेला बसले. देवाचं नाव आठवेना. पाच मिनिटं काहीच नाही. मग खाली बेल वाजली.

"डॉक्टर, बाहेर पडा. तो खांब पोकळ आहे. मी इंजिनिअर होतो इथला. मीच लिंपला."

पहिल्या मजल्यावर तेच. दुसऱ्यावर तेच. शिव्या ऐकू आल्या, जिन्यात पावलं धावू लागली. माझ्या मजल्यावर न थांबता तो आधी चौथ्यावर गेला आणि आजींना उचलून घेऊन उतरला. त्यांच्या किरकिरीसकट.

मग परत येऊन त्याने माझी बेल वाजवली. मी कडी काढली, दार ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. मघाशी तर अलगद लागलं होतं.

"दादा, दार अडकलंय. ढकल."

 खांब खचला की चौकट दबते, हे इंजिनिअरला सांगावं लागत नाही.

"मागे हो," तो म्हणाला, आणि खांदा लावला.