हनुवटीखालची खूण

जेसल पार्कातला माझा सलूनवाला दाढी झाली की आरसा पुढे धरून म्हणतो, "बघा साहेब, थेंबभर रक्त नाय. वीस वर्षांत कोणाला माझा वस्तरा लागला नाय." माझी दुसरी हनुवटी तो दोन बोटांनी अशी हळुवार उचलायचा, की जणू झोपलेलं मांजर बाजूला करतोय.

ती हनुवटी मी ऑपरेशन करून काढून टाकली. सोसायटीत सांगितलं, गावी चाललोय. मान दिसावी म्हणून एवढा खटाटोप केला आणि परत आल्यावर भर मे महिन्यात तीच मान मफलरमध्ये गुंडाळून फिरलो!

शेवटी दाढीला गेलो. सवयीने त्याची बोटं ते मांजर शोधायला गेली आणि टाक्यांच्या खुणेवर थबकली. तेवढ्यात बाकावर नंबर लावून बसलेले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वाकून म्हणाले, "अहो, हनुवटीखाली हे काय झालं?"

माझा हात मफलरकडे गेला.

"माझाच वस्तरा लागला त्यांना, मागच्या टायमाला," सलूनवाला म्हणाला आणि फेस लावत राहिला.

दाढी झाल्यावर त्याने आरसा धरला. नेहमीचं वाक्य मात्र तो बोलला नाही.