नाव घेतल्याशिवाय आत नाही

आधीच सांगते — मी या गूढ अनुभवांच्या सदरात लिहिणाऱ्यांपैकी नाही, वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. कुणाला वडाखाली पांढरी साडी दिसली की मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. माझं कामच असं की तिथे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. म्हणून हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण वाटू दे.

मी मेनफ्रेमवर काम करते. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढ्या, जुन्या वळणाच्या कॉम्प्युटर मशीन. आमची ग्राहक असलेल्या एका परदेशी विमा कंपनीकडे अशा दोन आहेत, दोन वेगळ्या शहरांत. फाइली पहिलीकडे असतात. दुसरी त्या नेटवर्कवरून, स्वतःच्याच असल्यासारख्या उघडते. हे सगळं मी सांभाळते कुठून, तर तलवाड्याहून — तालुका गेवराई, जिल्हा बीड. माहेरच्या घराच्या माडीवरून.

इथून काम करायची मुभा फक्त तीन महिन्यांची, चाचणी म्हणून. त्याआधी चार वर्षं मी पुण्यात, नवरा इथे हायस्कूलला मास्तर आणि आमची लेक मिठू त्याच्याजवळ. दर रविवारी संध्याकाळी एसटीच्या खिडकीतून तिला टाटा करायचं, आणि गेवराई येईपर्यंत रडायचं. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, "एक जरी मोठा प्रॉब्लेम तिथून सुटला नाही, तर परत पुणे." चाचणीचा शेवटचा आठवडा चालू होता, आणि त्याच आठवड्यात माझ्या भावाचं, गणेशचं लग्न!

लग्न दुपारी गावातच लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि तीनला फोन वाजला. तिकडे आदल्या दिवशी दुसरी मशीन काढून तिच्या जागी नवी बसवली होती. आता ही नवी पहिलीकडे फाइल मागायला गेली की एकच उत्तर — परवानगी नाही. तिकडचं कामकाज सकाळी आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होणार होतं.

मी पैठणी आणि नथीसकट माडीवर जाऊन लॅपटॉप उघडला आणि ऑफिसच्या तिघांबरोबर कॉलवर बसले. नेटवर्क ठीक. पासवर्ड ठीक. फाइल जागेवर. सगळं ठीक, तरी दार बंद! कुणाला आत घ्यायचं त्याची यादी पहिल्या मशीनवर असते, ती उघडायचा हक्क मला नाही, आणि ज्याला आहे तो सुट्टीवर, फोन बंद करून. खाली हलगी वाजत होती. सहाला नवरी घरी येणार, एकुलती एक करवली म्हणून दार मी अडवायचं... आणि मी इथे घामाघूम.

पाच वाजून गेले असतील. जिना चढून एक आजीबाई आल्या. हिरवं इरकल लुगडं, कपाळावर आडवं कुंकू.

"बसू का गं बाई? गुडगे लई दुखायलेत. खाली कालवा हाय."

माझा चहा तसाच पडला होता, तो मी त्यांना दिला. नवरीकडच्या असतील म्हणून पदर सावरून पायाही पडले.

"काय करायलीस? भावाच्या लग्नात बी काम?"

मी वैतागले होते. म्हटलं, "मावशी, एक मशीन दुसरीच्या दारात उभी आहे, आणि ती हिला आत घेत नाही."

"कावून?"

"तेच तर कळेना!"

त्यांनी फुर्र करून चहाचा घोट घेतला. "नाव घेतलं का तिनं? आता तू दार अडवून दुसरं काय इचारनार? नाव न घेता कुनी आत घेतंय व्हय?"

मला हसू आलं. "घेतलं की. तिने तिचं नाव सांगितलंय."

"ते नवं. आज लगीन लागलं, नाव बदललं. जुन्या मान्साला जुनंच ठावं ऱ्हातं. मार्था म्हन म्हनावं तिला."

खरं सांगते, मला तेव्हा काही विचित्र वाटलंच नाही! नवी मशीन स्वतःची ओळख काय सांगते, ते बदलणं माझ्या हातात होतं. मी 'मार्था' टाइप केलं आणि पुन्हा फाइल मागितली.

उघडली.

फाइलींची यादी सरसर खाली धावली. कॉलवरची तिघं ओरडली, मीही ओरडले. वळून बघते तर खुर्ची रिकामी, कपही रिकामा. तेवढ्यात खालून आईचा आवाज, "करवली कुठं उलथली? नवरी दारात हाय!"

मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले आणि हात पसरून उंबऱ्यात उभी राहिले. नवी वहिनी लाजली नाही की अडखळली नाही —

"तलवाड्याच्या डोंगरावर देवीचा थाट,
गणेशरावांचं नाव घेते, वन्सं, सोडा वाट!"

सोडली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाला आत घेतलं नसेल.

रात्री पंगतीला आजीबाईंना शोधलं. नवरीकडचे म्हणाले, "आमच्याकडं न्हाई बा कुनी अशी." आमच्याकडेही कुणी नाही. आई म्हणाली, डोंगरावरची देवीच. मी म्हटलं, "इंग्रजी नावं ठाऊक असलेली?"

"देवीला काय भाषेचं बंधन हाय व्हय?" म्हणत तिने दुसऱ्या दिवशी डोंगर चढून ओटी भरली.

मी माझ्या पद्धतीने शोधलं. चार वर्षांचे मेल, नोंदी, सगळं. 'मार्था' कुठेच नाही. काढून टाकलेल्या त्या जुन्या मशीनला सगळे नंबरानेच ओळखायचे. शेवटी वॉल्टरला फोन केला. त्या दोन्ही मशीन पहिल्यांदा जोडणारा हा माणूस, आता रिटायर झालाय. त्याने ते नाव मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "यादीत आणि त्या जुन्या मशीनमध्ये ते मीच टाकलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही. माझ्या आईचं नाव आहे ते."

मी त्याला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "चहा दिलास ना तिला?"

"दिला. सगळा प्यायली."

"बरं झालं," म्हणाला, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

चाचणी संपली, मुभा कायम झाली. हे लिहितेय तर मिठू शेजारी पालथी पडून चित्र काढतेय. रविवारची एसटी आता माझ्याशिवाय जाते. कारण मला अजून सापडलेलं नाही... आणि पहिल्यांदाच असं झालंय की मी ते शोधत नाहीये. माडीवर काम करताना चहा मात्र दोन कप नेते.