आधी पिशवी सोडा

"झोला छोड़ो, बौदी."

नमस्काराच्याही आधी हे वाक्य यायचं. बौदी म्हणजे वहिनी. मी क्लबाच्या दारात चपला काढत असे, हातात भाजीची पिशवी असे, आणि हा किडकिडीत, चष्मेवाला माणूस त्या पिशवीकडे मुद्देमालाकडे पाहावं तसा पाही.

सत्तरच्या दशकात यांची बदली कलकत्त्याला झाली. गार्डन रीचला रेल्वेचे क्वार्टर्स मिळाले, मला शहरातल्या डलहौसी भागात एका कचेरीत नोकरी मिळाली. बस थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता एका लांबलचक भिंतीच्या कडेने जाई, आणि संध्याकाळी वीज हमखास गेलेली असे. तिथे एका माणसाने दोनदा माझा हात धरला. दुसऱ्यांदा मी घरी सांगितलं.

"नोकरी सोड," हे म्हणाले.

"तीन महिने द्या," मी म्हटलं आणि वही काढली.

वहीत कराटेच्या तीन वर्गांची नावं उतरली. पहिल्या वर्गात कौलं फोडत. रस्त्यात हात धरला तर काय करायचं, असं विचारलं, तेव्हा ते तिसऱ्या वर्षी शिकवतात असं कळलं. दुसऱ्यात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि भिंतभर फोटो. बायकांची तुकडी तिथे 'लवकरच' निघणार होती. दोन्हींवर काट मारली.

तिसरे हे मास्टरमशाय, म्हणजे गुरुजी. आठवडाभर बजबजच्या ज्यूट मिलमध्ये कारकून, रविवारी सकाळी आमच्या मागच्या गल्लीतल्या क्लबात शिक्षक. तरुणपणी गोदीवर एका जपानी खलाशाकडून जुन्या पद्धतीचं कराटे शिकलेले. काळा पट्टा धुऊन धुऊन राखाडी झालेला. मी सात प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी एकही न ऐकता माझं मनगट धरलं.

"छुड़ाओ."

सुटेना.

दोन महिने फक्त उभं राहणं, मागे सरणं आणि मनगट सोडवणं. ते मला जमू लागलं. पिशवी मात्र दुसऱ्या हातात तशीच. शेवटी त्यांनी फर्मान काढलं: पुढच्या रविवारी पिशवीत डझनभर अंडी घेऊन या.

नेली. त्यांनी मनगट धरलं, मी सफाईने सोडवलं, मागे सरले. एकही अंडं फुटलं नाही. शाबासकीसाठी थांबले.

"अंडा बच गया, बौदी. आप नहीं बचा."

"पण डझनभर आहेत, मास्टरमशाय," मी माझ्या हिंदीत म्हटलं.

"रास्ता में उसको भी यही बोलेगा?"

त्याच्या पुढच्या रविवारीही माझ्याने पिशवी सोडवली नाही. "कराटे चांगलं चाललंय," हे अंड्याची आमटी वाढून घेत म्हणाले.

तिसरा महिना सरत आला होता. एके संध्याकाळी पुण्याहून आलेल्या ओळखीच्यांकडून आईने पाठवलेली साजूक तुपाची बरणी पिशवीत घालून निघाले. भिंतीपाशी त्या माणसाने दंड धरला. माझ्या हातून पिशवी सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. बरणी फुटल्याच्या आवाजाने तो दचकून खाली बघू लागला, तेवढ्यात माझं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. मी मागे सरले आणि ओरडले. चहाच्या दुकानातली माणसं धावली, तो पळाला.

रविवारी सगळं क्रमवार सांगितलं. मास्टरमशायांनी कोपराबद्दल विचारलंच नाही.

"घी कितना था?"

"दोन किलो."

"अच्छा घी होगा," एवढंच म्हणाले.

नोकरी टिकली. चार वर्षांनी पुन्हा बदली आली. हावडा स्टेशनवर मास्टरमशाय धापा टाकत पोचले. एका हातात नारळाच्या लाडवांची पिशवी, दुसऱ्यात मिष्टी दोईचं, म्हणजे गोड दह्याचं मडकं. मी डब्याच्या दारात उभी होते.

"झोला छोड़ो, मास्टरमशाय."

त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. लाजले. पिशवी यांच्याकडे दिली, मडकं माझ्या हातात ठेवलं, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी नमस्कार केला. गाडी हलली.

त्यानंतर त्यांची भेट नाही. त्या दिवशी खडगपूर आलं तेव्हा हे म्हणाले, "अगं, ते मडकं खाली ठेव की आता."

मी ठेवलं नाही.