दादाची चादर आणि पानदान

दादा आमचा होता की त्यांचा? आईला विचारलं, ती रडायला लागली. दादाला विचारलं, तो हसला.

‘ते’ म्हणजे बख्शी का तालाब या गावाच्या वाटेवरच्या वृद्धाश्रमातले म्हातारे. दादा तिथे डॉक्टर आणि मी नववी नापास! त्याला स्कूटरवरून न्यायचं-आणायचं माझ्याकडे होतं. किस्से तिथे जमत गेले. मी एकही विसरलो नाही, कारण प्रत्येक वेळी माझा जळफळाट झाला होता.

* * *

बेगम आपा मूळच्या चौक या जुन्या मोहल्ल्यातल्या. आल्या-गेल्याला काही दिल्याशिवाय सोडतील तर शपथ! एकदा मला खोकला झाला. आपांनी पानदान उघडलं. एका खणात कात, एकात सुपारी आणि बाकीच्यांत गोळ्या! पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या.

"ये गुलाबी ले लो बेटा. मिश्राजी को भी दी थी."

मिश्राजी सकाळीच चक्कर येऊन न्हाणीघरात पडले होते. दादाला गुलाबी गोळी दिसली आणि सगळा उलगडा झाला. ती आपांची ब्लडप्रेशरची होती!

दादा ओरडला नाही. म्हणाला, "आपा, हम तो रोज़ आपके हाथ का पान खाएँगे. पानदान के खाने साफ़ कर दीजिए." गोळ्या गेल्या, पान आलं. मी घरी पान खाल्लं की हाच दादा माझा कान पिळायचा!

* * *

मग दर रविवारी अंगणात चादर अंथरायची पद्धत पडली. निळ्या चौकड्यांची ती चादर दादाने माझ्या पलंगावरून उचलली होती. मला न विचारता! सगळ्यांनी आपापल्या गोळ्या तिच्यावर ओतायच्या. दादा एकेक उचलून विचारायचा, "ये किसलिए?"

मिश्राजी म्हणाले, "ये प्रेशर की."

"और ये?"

"उससे पैर सूजे, तो सूजन की."

"ये?"

"उससे रात भर पेशाब, तो नींद की."

"और ये?"

"नींद वाली से सुबह चक्कर, तो चक्कर की!"

दादाने पहिली गोळी बदलली आणि मागची रांग हळूहळू बंद केली. "मिश्राजी, आपसे ज़्यादा तो आपकी गोलियाँ बीमार थीं!"

मिश्राजींनी त्याला मिठी मारली. मी स्कूटर पुसत राहिलो.

* * *

थंडीत सगळे उन्हाकडे खाटा ओढायचे. कंपाउंडर गुप्ताजी मात्र खाटांच्या क्रमाने गोळ्या वाटायचे! "आप मिश्राजी हैं न?" असं विचारलं की कुणीही अदबीने "जी हाँ" म्हणायचं. समोरच्याला खोटं कसं पाडायचं?

दादाने नियम केला : नाव आपण सांगायचं नाही, त्यांना सांगू द्यायचं.

गुप्ताजींनी आपांना विचारलं, "आपका नाम?"

"पाँच साल से दवा खिला रहे हो और नाम नहीं मालूम? लो, ये गोली तुम खाओ! याददाश्त की होगी."

* * *

मला एकदा ताप आला. दादा संध्याकाळी उशिरा आला. दुकानातून मी आणलेल्या कॅप्सूल त्याने बाजूला ठेवल्या. "साधा ताप आहे. पाणी पी, झोप."

मी चिडलो. "त्यांच्यापाशी तासन्‌तास बसतोस आणि मला दोन मिनिटं?"

"अरे, गोळी लिहायला दोन मिनिटं लागतात. बंद करायलाच तासभर बसावं लागतं."

* * *

जानेवारीच्या धुक्यात दादाची स्कूटर ट्रकखाली गेली. त्या दिवशी मी सोबत नव्हतो.

चादर त्याच्या सामानातून घरी आली. मी ती पांघरून झोपायचो. आश्रमातून निरोप आला, चादर मिळेल का? मी म्हणालो, "दादा नेलात तेवढा पुरे!"

पण गुप्ताजी भेटले. म्हणाले, सगळे रडतात, जेवत नाहीत. नव्या डॉक्टरांनी सगळ्यांनाच झोपेची गोळी लावली आहे. मिश्राजी पुन्हा पडलेत.

रविवारी मी टेम्पोने गेलो आणि अंगणात चादर अंथरली. सगळ्यांनी आपापल्या गोळ्या ओतल्या. नवे डॉक्टरही येऊन बसले.

आपा म्हणाल्या, "पूछो, छोटे."

मी एक गोळी उचलली. "ये किसलिए?"

"तुम्हारे भैया याद आते हैं, इसलिए."

नव्या डॉक्टरांनी ती माझ्या हातातून घेतली. मग एकेकापाशी बसून विचारत राहिले. दुपार झाली.

निघताना आपांनी चादरीची घडी करून माझ्यापुढे धरली. "ले जाओ बेटा, तुम्हारे भाई की है."

मी घडी त्यांच्या पानदानाशेजारी ठेवली.

"अगले इतवार लगेगी न," म्हणालो आणि टेम्पो पकडला.