नवापूरला नेलेला तवा

नातवाचं कार्ड आलं: पोट सारखं दुखतं, नोकरी सोडून येतो. नवापूरला लाकडाच्या वखारीत तो मोजणीचा कारकून. आमच्या घरात पगार आणणारा पहिलाच. मी उलट टपाली कळवलं, तू थांब, मीच येते. शाळा माझी दुसरीत सुटली, पण कार्ड वाचता येतं आणि खोटं दुखणं ओळखताही येतं. हे खोटं नव्हतं.

आमच्या प्रकाशा गावाहून पहाटे निघाले. तापी नावेतून उतरायची. नाववाला गाठोड्याचेही पैसे मागतो, देऊ नका. पलीकडून बैलगाडीनं नंदुरबार, त्यात दिवस जातो. ओळखीच्यांकडे मुक्काम करा आणि स्टेशनासमोरची भजी खाऊ नका, तेल कालचं असतं. माझ्या गाठोड्यात कळण्याचं पीठ होतं, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं, लसणाची चटणी आणि घरचा लोखंडी तवा. आगगाडीत शेजारच्या बाईला नवल, तवे काय कुठंही मिळतात. म्हणाली, "माय, तवा कोठे ली चालनी? नवापूरमा मियत नहीत का?"

"मियतस. पन मन्हा नातूले आजून सापडना नही."

नंदुरबार सुटलं की सपाट काळं रान सरत जातं, डोंगर जवळ येतात, साग दिसायला लागतो. खिडकीशी बसा. कोळशाचे कण डोळ्यात जातात, तेवढं सोसा.

नातू स्टेशनात उभा होता, गालफडं बसलेली. खोली वखारीच्या मागं. चुलीत कोळ्यानं जाळं विणलेलं. मग हा जेवतो काय?

"काय खास रे तू?"

"सकाय चहा-भजी. दुपारले खानावळ. रातले भूकच लागत नही."

एकदा मीही त्या खानावळीत जेवले. भाजीवर बोटभर तवंग. मालकाला विचारलं, "दादा, यात भाजी कुठंय?" तो हसला. "आजी, गिऱ्हाईकाला तेल दिसावं लागतं." खरंच बोलला. त्याला गिऱ्हाईक सांभाळायचं, मला नातू.

वखारीत मजूर सावलीला बसून नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर आणि पालेभाजी खात होते. ओंडके उचलणारे ताठ, आणि मोजणारा वाकलेला!

मग मी रांधलं. भाकर, अंबाडीची भाजी, शेजारून आणलेलं ताक. चौथ्या दिवशी त्यानं दुसरी भाकर मागितली. पण घरी म्हशी आहेत, मी किती दिवस राहणार? सहाव्या दिवशी परात त्याच्यापुढं सरकवली.

"मोठीमाय, लोके हासतीन. गडीमाणूस भाकर थापस का?"

"हासू दे. पोट तुन्हं दुखस का लोकेसनं?"

कोणी पाहू नये म्हणून दार लावून बसला. पहिली भाकर तुटली, दुसरी चिकटली, आणि धुरानं असा खोकला की दार त्यालाच उघडावं लागलं. बाहेर वखारीचा रखवालदार उभा. पोटभर हसला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, एखादी जास्तीनी शे का?"

आठव्या दिवशी निघाले तेव्हा शिदोरी नातवानं बांधली. गाडीत सोडून पाहिली. भाकर कडांना कच्ची, मधे करपलेली, मीठ विसरलेलं. सगळी खाल्ली.

घरी सुनेनं गाठोडं उलटंपालटं केलं. "तवा कोठे शे?"

"ऱ्हायना तठेच."

महिन्यानं कार्ड आलं. पोटाचं त्यात अक्षर नाही, नोकरी सोडण्याचंही नाही. पीठ संपलं, लवकर पाठवा, आणि या खेपेला उडीद जरा जास्त घाला, म्हणे. मला शिकवतो! मी घरात नवा तवा घेतलाय. त्या नव्या तव्याला भाकर अजून चिकटते. चालेल.